नवमीला केलेला स्कॅन

‘स्कॅन क्लीन आलाय’ असं कुणी म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. क्लीन म्हणजे काय? दारं बंद होती म्हणून क्लीन, की घरात कुणी नव्हतंच म्हणून क्लीन? हा प्रश्न मी आमच्या साहेबांना तोंडावर विचारला होता. त्यावर त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि शांतपणे बसून बोला म्हणाले. मला तहान लागलेली नव्हती.

मी म्हैसूरची. आमचं घराणं इथे इतक्या पिढ्या आहे, की घरातल्या मराठीत कन्नड कधी मुरलं ते कुणालाच सांगता येणार नाही. नोकरी एका खासगी तपासणी कंपनीत. लोकांचं रक्त, लघवी, थुंकी तपासायची आणि रिपोर्ट हातात द्यायचा, हा कंपनीचा धंदा. मुख्य ऑफिस शहरात आणि छोटी केंद्रं हुणसूर, पिरियापट्टण, वरुणेच्या बाजूची गावं अशी पसरलेली. ही सगळी केंद्रं एकाच नेटवर्कने जोडलेली आहेत, आणि त्या नेटवर्कमध्ये कुठे काय उघडं राहिलंय ते बघणं हे माझं काम.

ते बघायची रीत साधी आहे. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो, आणि त्या एकेका पत्त्यावर पासष्ट हजारांच्या वर दारं असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. बहुतेक दारं बंद असतात, कामापुरती एकदोन उघडी. स्कॅन म्हणजे एका प्रोग्रॅमने दारोदार जाऊन टकटक करायची आणि कुणी ओ दिली ते लिहून घ्यायचं. इतकंच. यात जादू नाही आणि देवही नाही, पण आमच्या ऑफिसात स्कॅनच्या निकालाला हात जोडणारे लोक होते.

त्या वर्षी नवरात्राच्या थोडं आधी पिरियापट्टणच्या केंद्रातून एका मुलीचा रिपोर्ट बाहेर गेला. कशाचा रिपोर्ट, ते मी इथेही लिहिणार नाही. गावाने तो पुरेसा वाचला. एका फोनवरून दुसऱ्या फोनवर करत तो फिरला आणि मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलीची आई केंद्राच्या दारात येऊन रडली, आणि मग कंपनी जागी झाली. जागी होऊन तिने काय केलं, तर बळीचा बकरा शोधला.

नोंदणीच्या टेबलावर बसणारी एक बाई होती. माझ्यापेक्षा थोडी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायची. केंद्र सुरू झाल्यापासून ती तिथे होती. गावातलं कोण कुणाची सून, कोणाला सुई बघून चक्कर येते, हे सगळं तिला ठाऊक. त्या मुलीचा रिपोर्ट अक्काच्या लॉगिनवरून छापला गेला होता, तेव्हा तिनेच तो बाहेर दिला, असं ठरलं. अहो, त्या केंद्रातला प्रत्येक रिपोर्ट तिच्याच लॉगिनवरून छापला जायचा, तिची नोकरीच ती! पण तेवढा विचार करायला कुणाला वेळ नव्हता. चौकशी समिती दसऱ्यानंतर बसणार होती आणि तोवर तिला घरी बसवलं गेलं.

नवरात्र सुरू झाल्यावर ती बस पकडून म्हैसूरला आली. रिसेप्शनवाल्या मुलीने तिला आत न सोडता चपलांच्या रॅकशेजारी बसवून ठेवलं होतं. कंपनीचं ओळखपत्र काढून घेतलं की माणूस एका आठवड्यात परका होतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. मी तिला कँटीनमध्ये नेलं. मला वाटलं, पगाराचं बोलेल. ती बोलली ते कन्नडमधून, आणि भलतंच बोलली.

“आमच्या गल्लीत घरोघरी गोंबे, नवरात्राच्या बाहुल्या, मांडल्यात. दरवर्षी हळदीकुंकवाला पहिलं बोलावणं मला येतं. या वर्षी एकाही घरातून आलं नाही. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे, माझं नाव तेवढं धुऊन द्या.”

मी तिला शब्द दिला नाही, कारण शब्द देण्याइतकं माझ्या हातात काही नव्हतं. पण मला एक संशय होता. आमच्या केंद्रांत रक्त तपासायचं जे यंत्र असतं, त्याच्याबरोबर पुरवठादार एक छोटी पेटी बसवून जातो. सगळे रिपोर्ट आधी त्या पेटीत साठतात आणि मग अक्कासारख्यांच्या संगणकावर येतात. ती पेटी जर पासवर्ड न विचारता कुणालाही रिपोर्ट दाखवत असेल, तर अक्काच्या लॉगिनचा प्रश्नच उरत नव्हता. अडचण एवढीच, की पेट्या बसवताना पुरवठादाराच्या माणसांनी मनाला येतील ते पत्ते दिले होते आणि आमच्याकडे कुणी विचारलंही नव्हतं. पिरियापट्टणची पेटी नेटवर्कवर नेमकी कुठे आहे ते शोधायलाच स्कॅन हवा होता.

मी परवानगी मागायला साहेबांकडे गेले. साहेब पुण्याकडचे. बदलीवर म्हैसूरला आले आणि इथलं हवापाणी आवडून राहिले. ते माझ्याशी मराठीत बोलत आणि माझं मराठी ऐकून गालात हसत. त्यांना वाटे, आपण दोघं मराठी म्हणजे आपलं एक गोत आहे. गोत असेल, पण दर मीटिंगमध्ये ‘मॅडम, हा कुठला मराठी शब्द?’ म्हणून चारचौघांत थट्टा करणारा गोतावळा मला नको होता. असो. परवानगी त्यांनी दिली, पण स्कॅन कसा करायचा ते स्वतः ठरवून दिली.

मला फक्त पिरियापट्टणचे पत्ते तपासायचे होते. त्यांचं म्हणणं, समितीपुढे अर्धवट काम नको, कंपनीच्या नावावर असलेली पत्त्यांची सगळीच्या सगळी रांग तपासा, सगळ्या पोर्टांसकट. शिवाय मागे कुणा सल्लागाराने त्यांना सांगितलं होतं, की काही यंत्रं पहिल्या हाकेला ओ देत नाहीत आणि म्हणून सुटून जातात. तेव्हा जे गप्प आहेत तेही जिवंतच धरायचे. आणि काम लवकर व्हावं म्हणून एकेका वेळी पत्त्यांचे मोठे मोठे गट घ्यायचे. तिन्ही सूचना एकेकट्या ऐकल्या तर शहाण्या वाटतात. एकत्र केल्या की प्रोग्रॅमचा जीव घेतात.

का, ते सांगते. रिंग रोडच्या पलीकडे नवे लेआउट पडतात तेव्हा आधी रस्ते आखतात, साइटला, म्हणजे प्लॉटला, नंबरांचे दगड रोवतात, घरं मात्र पुढे कधीतरी. आमची पत्त्यांची रांग तशीच होती: नंबर भरपूर, घरं तुरळक. आता पोस्टमनला सांगा, की प्रत्येक साइटवर जा, घर दिसलं नाही तरी आहे असं धर, सगळी दारं वाजव, प्रत्येक दाराशी थांबून वाट बघ, कुणी बोललं नाही तर पुन्हा वाजव. आणि आपण कुठे कुठे वाजवलं ते पूर्ण गल्ली संपेपर्यंत डोक्यात ठेव. तो पोस्टमन संध्याकाळपर्यंत वेडा होईल. प्रोग्रॅम वेडा होत नाही. त्याची मेमरी भरते, आणि संगणक त्याला मारून टाकतो.

हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, रॅम वाढवून घ्या. वाढवून घेतली, तीही प्रोग्रॅमने गिळली. मग ते म्हणाले, एखाद्या सुट्टीच्या दिवशी करा, नेटवर्क मोकळं असेल, पटकन होईल. आणि त्यांनी दिवस ठरवला नवमीचा.

मी चाटच पडले. “सर, त्या दिवशी आयुधपूजा असतीय. सगळी केंद्रं सगळं ऑफ करून ठेवतात, अल्वा? नाही का?”

ते हसले. पुण्याकडच्या कारखान्यात त्यांनी वर्षानुवर्षं पूजा पाहिली होती: दसऱ्याला मशीनला झेंडूचं फूल, नारळ, पेढा, आणि मग तीच मशीन चालू करून मुहूर्त. तेव्हा पूजा दसऱ्याला, नवमीला नाही, आणि पूजा केली म्हणून कुणी मशीन बंद ठेवत नाही, असं त्यांनी मला समजावलं. मला! माझा जन्म इथे गेला. इथे नवमीला हत्याराला विश्रांती असते. शिंप्याची कात्री, मेस्त्रीची करवत, बसचं स्टेअरिंग, सगळ्याला गंध-कुंकू लागतं, आणि पूजा झाली की त्या दिवशी त्याला कुणी हात लावत नाही. संगणकही हत्यारच. आमच्या केंद्रांतली पोरं आदल्या संध्याकाळी मुख्य बटणापासून सगळं बंद करतात, वायरी पुसतात आणि यंत्रांना हार घालतात. मी हे पुन्हा सांगितलं. साहेबांनी तेच उत्तर पुन्हा दिलं, फक्त जास्त गोड आवाजात.

नवमीला सकाळी आमच्या रस्त्यावर गाड्यांपुढे कुंकू भरून फोडलेल्या कोहळ्यांचा लाल-पांढरा चिखल झाला होता. घरी सासूबाईंनी विळीपासून मिक्सरपर्यंत सगळं पाटावर मांडून पूजलं. माझ्या लॅपटॉपच्या झाकणावरही कुंकवाचं बोट उमटलं. मी तो उघडायला घेतला तेव्हा त्या नाराज झाल्या.

“आज तरी त्याला सोड ग. सुम्मने कशाला छळतीस?” म्हणाल्या. सुम्मने म्हणजे उगीच. त्यांचं शंभर टक्के खरं होतं.

स्कॅन सुरू झाला आणि तिथेच रुतला. समोर कुणीच नव्हतं. केंद्रं बंद, पेट्या बंद, अर्धी ऑफिसं बंद. शिवाय शहर आणि केंद्रांच्या मध्ये जी सुरक्षा-भिंत होती, ती टकटक ऐकून ‘बंद आहे’ असंही म्हणत नव्हती, नुसती गिळून टाकत होती. नकार मिळाला तर प्रोग्रॅम पुढे सरकतो. काहीच मिळालं नाही तर तो थांबतो, पुन्हा वाजवतो, पुन्हा थांबतो. मेमरीचा आलेख चढत गेला आणि प्रोग्रॅम मेला. मी परत सुरू केला, परत मेला. साहेबांचे फोन येत होते. पत्ते कमी करू का विचारलं तर नाही. गट लहान करू का विचारलं तर वेळ जाईल म्हणाले. वेळ जातच होता, हे त्यांना कोण सांगणार? शेवटी त्यांनीच पोर्ट कमी करायला लावले, आणि संध्याकाळी स्कॅन रडतखडत एकदाचा पूर्ण झाला. पिरियापट्टणच्या पुढे लिहून आलं: उघडं पोर्ट नाही.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, स्कॅन क्लीन आलाय. नेटवर्कमध्ये दोष नाही, म्हणजे दोष माणसाचा. समितीकडे हाच निकाल जाईल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंद पडलेल्या यंत्राचं दार वाजवून ओ आली नाही, आणि त्यावरून एका बाईला चोर ठरवायचं? पाण्याचा ग्लास माझ्यापुढे आला तो तेव्हा.

मी ओरडले नाही. एकच दिवस मागितला, बाहेरगावचं काम म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिरियापट्टणची बस धरली. हुणसूरच्या पुढे हवेत तंबाखूचा वास सुरू झाला. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईने मला विचारलं, पिरियापट्टणला कुणाकडे? मी केंद्राचं नाव सांगितल्यावर तिने तोंड फिरवलं. गावात आमची काय किंमत झाली होती ते मला खिडकीतून बाहेर बघत कळलं.

केंद्रात शिरले तर नवमीची पूजा अजून जागेवर होती. तपासणीच्या यंत्राला सुकलेला शेवंतीचा हार, त्याच्या बाजूच्या काळ्या पेटीवर हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं. अक्काच्या संगणकालाही कुंकू लावलेलं. अक्काला त्या दिवशी पूजेलाही बोलावलं नव्हतं. तिच्या खुर्चीच्या हाताला कुंकू आणि तिच्या कपाळाला नाही, हे बघून मला जे वाटलं त्याला सभ्य शब्द नाही.

मी लॅपटॉप थेट केंद्राच्या नेटवर्कला जोडला, म्हणजे मधली ती मुकी भिंत टळली. आधी फक्त विचारलं, इथे जिवंत कोण कोण आहे. मोजकीच यंत्रं निघाली. मग तेवढ्यांचीच दारं वाजवली, गट लहान ठेवून, एका दाराशी किती थांबायचं त्याला मर्यादा घालून, आणि निकाल डोक्यात न साठवता लगेच फाइलीत उतरवत. मेमरी जागची हलली नाही. माझ्यासाठी मागवलेला चहा यायच्या आत स्कॅन संपला होता. ज्या कामाने नवमीचा अख्खा दिवस खाल्ला, ते हे काम.

पेटी सापडली. तिचं एक दार सताड उघडं होतं. पत्ता टाकला, पासवर्ड कुणी विचारला नाही, आणि पानभर नावं समोर आली. मी एकही रिपोर्ट उघडला नाही. नावंच पुरे होती. पण हे दार केंद्राच्या आतून उघडं होतं. आतली माणसं म्हणजे पुन्हा अक्काच, असं साहेब म्हणणार, हे मला तिथेच ऐकू आलं.

चहा घेऊन मी बाहेर पेशंटांच्या बाकावर बसले. समोर भिंतीवर कागद चिकटवलेला होता: बसलेल्यांसाठी मोफत वाय-फाय, खाली पासवर्ड. मी माझ्या फोनवर तो टाकला आणि मग पेटीचा पत्ता टाकला. पान उघडलं. त्या बाकावर बसलेला कुणीही, सुईची वाट बघता बघता, गावातल्या कुणाचाही रिपोर्ट बघू शकत होता. मोफत वाय-फाय ही साहेबांची कल्पना, केंद्रांना नवा रंग दिला तेव्हाची. आतल्या नेटवर्कपासून ते वेगळं ठेवा असं तेव्हाच म्हटलं गेलं होतं, आणि मागाहून करू म्हणून राहून गेलं.

समितीपुढे मी फोनवर ते पान उघडून दाखवलं. मग कामं भराभर झाली: दार बंद, वाय-फाय वेगळं, पुरवठादाराला कडक निरोप. आणि अक्काचं? तिच्याविरुद्ध काही सिद्ध झालं नाही, असं ठरलं. ‘तिने केलं नाही’ असं नाही बरं का, ‘सिद्ध झालं नाही.’ कामावर घ्यायचं, पण वरुणेकडच्या केंद्रात, कारण पिरियापट्टणला चर्चा नको. आणि उघड्या दाराबद्दल बाहेर कुणी चकार शब्द काढायचा नाही, कंपनीच्या नावाला बाधा येते. मी विचारलं, आणि तिच्या नावाचं काय? साहेब म्हणाले, “मॅडम, तिला नोकरी परत मिळाली. आणखी काय हवं?”

काय हवं ते तिने मला कँटीनमध्ये सांगितलं होतं. कंपनीने तिला सगळं दिलं, फक्त ते सोडून.

मी पुढच्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा पिरियापट्टणला गेले, या वेळी स्वतःच्या पैशाने. अक्काला तिच्या घरून घेतलं आणि आम्ही दोघी त्या मुलीच्या घरी चालत गेलो. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. मुलीच्या आईने दार उघडलं, अक्काला पाहिलं आणि दार परत लावायला घेतलं. मी कोण, कुठून आले ते उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, आणि पुढचं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

“तुमच्या मुलीचा रिपोर्ट या बाईने दिला नाही. आमच्या कंपनीचं दार उघडं होतं. बाकावर बसलेल्या कुणालाही तो दिसत होता. चूक आमची आहे, हिची नाही.”

माझ्या नोकरीचं काय होईल हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. तो बसमध्ये आला, परतताना.

मुलीच्या आईने लावायला घेतलेलं दार सोडलं. मग तिने आम्हांला आत घेतलं, बसायला चटई घातली, पाणी दिलं. आतल्या खोलीत मुलगी असावी, पण ती बाहेर आली नाही आणि आम्ही विचारलं नाही. मग आम्ही उठलो. इथे कुणी बाई घरातून निघाली की तिला हळदीकुंकू लावल्याशिवाय जाऊ देत नाहीत. मुलीची आई आत जाऊन तबक घेऊन आली. तिने अक्काला हळद लावली, कुंकू लावलं, हातात फुलं दिली, आणि अक्काचा हात काही क्षण हातात धरून ठेवला. अक्का रडत होती.

माझ्यासमोर तिने तबक आणलं नाही. ते घेऊन ती तशीच आत गेली.